तिरफळं दहा-बारा

आमच्या घरात मासे जिन्यानं वर जात आणि खाली येत ते फक्त आमच्या पोटातून. हा घरचा कायदा काकूनं केलेला. काकू म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको, कमलाकाकू. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्या दोन मजली घरात खाली काका-काकू आणि त्यांचा मुलगा, वर आम्ही तिघं, आणि सगळ्यांच्या वर गच्ची. गच्चीच्या कोपऱ्यात चार पत्रे टाकून आईला आडोसा करून दिला होता. तिथं एक स्टोव्ह, एक पाटा, दोन मातीची भांडी आणि एक जर्मनचं पातेलं. मटण खाली शिजायचं, कारण मटण घरचं. मंद्रूपच्या शेतावर जत्रेला बोकड पडायचा आणि काकू स्वतः हंडाभर रस्सा करायची. मासे मात्र वर. माशाचं पातेलं खालच्या नळावर धुवायचं नाही, माशाचा हात लागलेला तांब्या देवघराकडं आणायचा नाही, आणि सोमवार, गुरुवार, शनिवार गच्चीचं दारच उघडायचं नाही. काकू समोर आली की मी तिला अहो-जाहो करायची. मनात ती कायम अगं-तुगं होती आणि हे लिहिताना मी मनातलंच वापरणार आहे. साठी आली, गुडघे गेले, पण राग शाबूत आहे. तो मी नीट जपून ठेवलाय.

आई वेंगुर्ल्याकडची. अण्णा पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यांची तिकडं बदली झाली होती. परत येताना ते दोन ट्रंका आणि आई घेऊन आले, असं काका चेष्टेनं म्हणायचे. आई शाळा शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, पण बोलायला तोंड उघडलं की तिकडचे हेल यायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायची आणि शेजारणीला सांगायची, "आमच्या जावंचं कायबी कळत न्हाय बगा." मग आईनं खालच्या मजल्यावर बोलणंच सोडलं. हो, नाही, आणि "अक्का, आणखी काय करू?" एवढंच. जिना चढून गच्चीवर आली की मात्र तिची जीभ सुटायची. पाट्यावर नारळ वाटता वाटता ती मला तिच्या गावच्या गजाली सांगायची, मध्येच गाणं म्हणायची, मांजरांना शिव्या द्यायची. गिरणीचा भोंगा झाला की म्हणायची, "चल गो बाय, तुझे वडील येतीत आता." त्या पत्र्याखाली ती जितकी हसायची तितकी मी तिला घरात कधी हसताना पाहिलं नाही. म्हणून मला गच्ची प्यारी होती आणि खालचा मजला डोळ्यात सलायचा.

मी अकरावीत असताना अण्णांना साखर निघाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, सकाळी एक भाकरी, रात्री अर्धी, भात बंद, गूळ बंद. आता हे सोलापुरात सांगायचं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल. अण्णा एका बैठकीला चार ज्वारीच्या भाकऱ्या खायचे. शिवाय दुपारी चहाबरोबर कडक भाकरीचा तुकडा, आणि झोपताना काही नाही तर भाकरीवर शेंगाची चटणी आणि तेल. पहिले आठ दिवस ते ताटावर बसायचे आणि भिंतीकडं बघत राहायचे. "पोट भरल्यागत वाटंना गं," असं आईला हळू आवाजात सांगायचे. खालून काकू हाक मारायची, "भावजी, या हिकडं. गरम हाय. डॉक्टरला काय कळतंय, त्येनं काय शेतात राबलंय का?" आणि अण्णा चोरासारखे जिना उतरून जायचे. महिन्याभरानं साखर तपासली तर चार पावलं वरच गेलेली. पायाला झालेली एक साधी जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बोट काढावं लागेल. आई त्या दिवशी घरी आली, हातपाय धुतले आणि थेट गच्चीवर गेली.

तिथून पुढचे चार महिने ती जे काही रांधत होती त्याला आज लोक मोठं नाव देतात. माझी भाची मोबाईलवर दाखवते, लो कार्ब अमुक, लो कार्ब तमुक, वर कोथिंबिरीची काडी. आईला त्यातलं नाव ठाऊक नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं, की माणसाला भाकरी आठवू नये इतकं चांगलं काहीतरी ताटात पाहिजे. मुंबईहून बर्फातले बांगडे बुधवारी आणि रविवारी यायचे, उजनीची मरळ आणि चिलापी तर रोजच मिळायची. चिलापीला रवा लावायचा नाही म्हणून तिनं कारळं भाजून जाडसर कुटलं, त्यात लसूण-तिखट घातलं आणि ते लावून तव्यावर मासा टाकला. वरचं कवच असं कुरकुरीत व्हायचं की अण्णा आधी तेच सोलून खायचे. कालवणात भाकरी चुरायची सवय जाईना, तर कोबीची मोठी पानं वाफवून तिनं त्यात कालवण ओतलं. सुकट तव्यावर परतून तिच्यात बचकभर मेथी आणि ओलं खोबरं, ते वाटीभर खाल्लं की दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही. मरळीचे तुकडे दोडक्याबरोबर, कोलंबी भोपळी मिरचीत भरून. आणि रविवारी बांगड्याचं तिखलं, दाटसर, आमसुलाचं आंबट आणि तिरफळाच्या वासाचं. तिरफळ म्हणजे तिकडच्या डोंगरातलं एक मिरीएवढं फळ, सालीला असा वास की गच्चीवर झाकण उघडलं की खालच्या काकूला शिंक यायची. मामा वर्षाला एक पिशवी पाठवायचा.

एक दोनशे पानी वही होती. केलेला प्रत्येक पदार्थ आई त्यात लिहायची, आणि समोर अण्णांनी किती भाकरी मागितली ते. "आज अर्धी." "आज पाव." एका रविवारी तिखल्यासमोर लिहिलं होतं, "आज मागितली नाही." अण्णांची जखम भरली. साखर इतकी उतरली की डॉक्टरांनी ती वही बघायला मागवली आणि आपल्या दवाखान्यात येणाऱ्या पेठेतल्या सगळ्या बायकांना सांगत सुटले. सोलापुरातली बाई साखरेच्या माणसाला मासे खायला घालून बरं करते, ही बातमीच होती.

ही बातमी काकूच्या कानावर गेली. काकू पेठेतल्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. मंडळानं त्या साली साखरेच्या रुग्णांसाठी पाककृती स्पर्धा ठेवली, बाहेरच्या एका डॉक्टरांना परीक्षक बोलावलं आणि जाहीर केलं, की पहिल्या येणाऱ्या बाईच्या पाककृतींचं पुस्तक छापायचं, फोटोसकट. काकू एका सकाळी जिना चढून वर आली. मला आठवतंय, मी जन्मल्यापासून ती पहिल्यांदा गच्चीच्या दारापर्यंत आली होती. आत आली नाही, उंबऱ्यावरूनच म्हणाली, "वही दी गं तुझी. मंडळात दाखवून आणते." आईनं हात पुसून वही दिली. तिला वाटलं, आपलं नाव देणार.

शेवटच्या फेरीत गेलेल्या बायकांची यादी पेठेतल्या शाळेच्या फळ्यावर लागली तेव्हा मी कॉलेजातून येताना वाचली. तिसऱ्या नंबरावर सौ. कमलाबाई. खाली चार पदार्थ, चारही आईचे. कारळ्याची चिलापी तिनं आधीच्या फेरीत करून दाखवली होती आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ज्या बाईनं माशाचं पातेलं आपल्या नळाला लागू दिलं नाही तिनं शाळेच्या नळावर मासे धुऊन वाहवा घेतली होती. मी धावत घरी आले आणि खालच्या सोप्यातच विचारलं.

"काकू, हे आईचं आहे ना? तुमचं नाव कसं?"

काकू गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव कुणाचं का आसंना. घरचंच हाय की."

"मग आईचं द्या."

"तुजी आई स्टेजवर काय बोलणार? तिची बोली कुणाला कळतीय हितं? हसतील लोकं. मी तिची लाज राखतीया, तर तू मलाच इचारतीस व्हय?"

आई जिन्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, आता तरी ही काहीतरी बोलेल, निदान वही मागेल. ती खाली आली, काकूच्या सुपातले दोन खडे वेचून काढले, आणि परत वर गेली. मी तिच्या मागं जाऊन रडले, ओरडले. ती म्हणाली, "वही काय, मी परत लिहीन. तुझे वडील बरे आसत मा?" मला तेव्हा तिचा काकूपेक्षा जास्त राग आला. मी ठरवलं, की ही काही करणार नाही, तर मी करीन. सतराव्या वर्षी माणूस ठरवतं ते फार पक्कं असतं. मी त्या दिवसापासून काकूशी गोड बोलायला लागले.

शेवटच्या फेरीला काकूनं तिखलं करायचं ठरवलं. आदल्या दिवशी तिनं मला खाली बोलावलं. वही उघडी होती. आईनं ती स्वतःसाठी लिहिलेली, त्यामुळं तिकडच्या बाईला जे आपोआप ठाऊक असतं ते त्यात नव्हतंच. बांगडे सहा, खोबरं अर्धी वाटी, आमसुलं पाच, मिरच्या, हळद, आणि शेवटी नुसतंच, "तिरफळं दहा-बारा." काकूनं मामाच्या पिशवीतलं एक तिरफळ चिमटीत धरून उजेडाकडं बघितलं.

"ह्येचं काय करायचं गं जयी? आसंच टाकायचं, का वाटायचं?"

खरं उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं. तिरफळाचं काळं बी फेकून द्यायचं. साल नुसती चेचायची आणि भांडं उतरवताना वरून सोडायची. खाताना ती बाजूला काढायची. बी पोटात गेलं तर कडू, आणि साल वाटली गेली तर जीभ बधिर. पण काकू सोलापूरची. इथं मसाल्याचं जे काही घरात येतं ते आधी भाजतात, मग कुटतात, मग चाळतात. धणे, खोबरं, दगडफूल, काही सुटत नाही. तिच्या मनात उत्तर आधीच तयार होतं, ते मी फक्त उचलून तिच्या हातात दिलं.

"भाजायची, काकू. बियांसकट. आणि मग बारीक कुटायची, आपल्या काळ्या तिखटासारखी."

"तरीच," काकू म्हणाली. "मला वाटलंच. बारा पुरतील का?"

"आई वीस घालते," मी म्हणाले.

तिनं माझ्यासमोर भाजली. माझ्यासमोर खलबत्त्यात कुटली. तो लोखंडी ठणठण आवाज मला अजून ऐकू येतो आणि खोटं कशाला बोलू, अजून गोड वाटतो.

स्पर्धा शाळेच्या हॉलमध्ये होती, दुपारी चारला. काकूनं इरकल नेसली होती, नथ घातली होती. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, निळं सुती पातळ, हातात काकूची पिशवी. मी तिच्या शेजारी. आधीच्या बायकांचे पदार्थ झाले, कुणाची मुगाची धिरडी, कुणाची कारल्याची भाजी. मग काकूचं झाकण उघडलं. वास छान होता. डॉक्टरांनी हसून मोठा घास घेतला, शेजारच्या गृहविज्ञानाच्या प्राध्यापिकाबाईंनीही घेतला. मी मनात एक, दोन, तीन मोजत होते. पाचवर डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी जीभ दातांवरून फिरवली. पाणी प्यायले, परत प्यायले. प्राध्यापिकाबाईंनी रुमाल तोंडाला लावला आणि उठून मागं गेल्या.

"बाई, यात घातलंय काय?" डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचे शब्द दाताच्या दवाखान्यातून आलेल्या माणसासारखे लडबडत होते. "जीभच जागेवर नाही. आणि कडू जहर."

हॉलमध्ये हसणं सुरू झालं. काकूनं एक चमचा स्वतःच्या तोंडात घातला. मग तिनं वर बघितलं. सगळा हॉल सोडून तिनं फक्त माझ्याकडं बघितलं, चांगलं एक मिनिट, आणि मीही नजर हटवली नाही. तिला कळलं. तिला कळावं हीच तर माझी इच्छा होती. मला वाटलं, आता ही रडेल, पळेल, निदान मान खाली घालेल. काकूनं माइक उचलला.

"ही पाककृती माजी न्हाय. ही माज्या धाकट्या जावंची हाय, शालिनीची. तिनं लिवल्यापरमाणं मी केलं. तिनं काय लिवलं तिचं तिला म्हाईत. ती बगा, ती बसलीया, निळ्या पातळात."

दोनशे माना आईकडं वळल्या. तिचं नाव त्या शहरात पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं गेलं ते असं. मी जे मिळवायला गेले होते ते मिळालं होतं आणि ते कडू जहर होतं. मला खुर्चीखाली लपावंसं वाटलं. आई उठली. मांडीवरची पिशवी खाली ठेवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाककृती माझीच आहे. तिरफळं वाटायची नसतात. बी काढून, चेचून, शेवटी घालायची. मी लिहायला विसरले. चूक माझी." आणि बसली. डॉक्टर म्हणाले, "तसं लिहायचं ना मग, बाई," आणि लोक पुन्हा हसले. पहिला नंबर मुगाच्या धिरड्यांना गेला.

घरी आल्यावर आईनं उरलेलं तिखलं गच्चीवर नेलं. बोट बुडवून चाखलं, थुंकलं, रस्सा बोटांमध्ये चोळून बघितला. तिला भाजलेल्या बियांचा वास आला असणार.

"तू सांगितलंस तिका?"

मी हो म्हणाले. अभिमानानंच म्हणाले. मला वाटत होतं, ती मला जवळ घेईल.

आईनं माझ्या थोबाडीत दिली. आयुष्यातली पहिली आणि शेवटची. मग ती तिच्या बोलीत नाही, खालच्या मजल्यावरच्या मराठीत बोलली, जशी परक्यांशी बोलायची. "तिनं माझं नाव काढून घेतलं. ते मला परत आणता आलं असतं. तू माझ्या नावानं लोकांना कडू वाढलंस. सहा बांगडे मातीत घातलेस. ज्याला विचारलं त्यानं खोटं सांगायचं नाही, रांधायच्या गोष्टीत तर मुळीच नाही. आता तू वर यायचं नाही."

मला वाटलं, दोन दिवसांत राग जाईल. तिसऱ्या दिवशी आईनं जिन्यातून हाक मारली, "अक्का, वर या. बसून बघा." आणि काकू गेली. पहिल्या दिवशी पदर नाकाला लावून उंबऱ्यावर बसली. आठवड्यानं आत. महिन्यानं पाट्यावर. वही आईनं तिलाच देऊन टाकली, आणि जे जे लिहायचं राहिलं होतं ते त्यात नव्यानं लिहायला बसली. मला खालच्या स्वयंपाकघरात कांदे चिरायला ठेवलं होतं. वरून मासा तव्यावर पडल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग दोघींचं हसणं. आईचं ते गच्चीवरचं हसणं, जे माझं एकटीचं होतं. काकूनं माझ्या आईचं नाव चोरलं ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण गच्ची घेतली ते नाही.

मग मी सूड घ्यायचा तेवढा घेतला. लग्नकार्यात कुणी काकूच्या माशाचं कौतुक केलं की मी पंगतीतून ओरडायची, "आईची पाककृती आहे ती!" तिच्या सुनेला पहिल्याच दिवशी मी स्पर्धेची गोष्ट सांगितली, हावभावासकट. काका वारले, अण्णा पुष्कळ जगून, दहाही बोटांनिशी गेले, मग आई गेली. आईच्या दिवसांना काकू येऊन कोपऱ्यात बसली होती, मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. आज लिहितानाही त्याची लाज वाटत नाही.

आता मला स्वतःला साखर आहे. मी मोबाईलवर एक ग्रुप काढला, नाव "भाकरीवाचून". मोहोळच्या, सांगोल्याच्या, कुठल्या कुठल्या बायका आहेत त्यात. दर रविवारी मी एक पदार्थ टाकते आणि सगळ्यात वर आईचं नाव लिहिते, ठळक अक्षरात, शालिनी. कारळ्याची चिलापी, मेथी-सुकट, सगळं टाकून झालं. जे माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं ते संपलं. मग बाजारात मोरी दिसली. मोरी म्हणजे लहान मुशी, शार्कच्या जातीतली, काटा नसलेली, मटणासारखी शिजणारी. आई तिचं सुकं करायची, अण्णा बोटं चाटायचे, पण ते सगळं मला गच्ची बंद झाल्यानंतरचं. मी खाल्लं होतं, करताना पाहिलं नव्हतं. तीन दिवस विचार केला आणि काकूला फोन लावला. ती आता विजापूर रोडला मुलाकडं असते. वय शहाऐंशी, कान तिखट.

"मोरी व्हय?" ती म्हणाली. आवाज असा मऊ की मलाच कसंतरी झालं. "लई सोपं हाय बाळ. कातडी काडायची न्हाय. घासायची बी न्हाय, नुसती इसळायची. समदी चव त्यातच की. आन मीठ दुप्पट घाल, मोरी मीठ पिती. तुजी आई आसंच करायची."

मासेवाल्यानं विचारलं, "बाई, सोलून देऊ का?" मी त्याला वर तोंड करून सांगितलं, की मला शिकवू नकोस. हात फिरवला तेव्हा कातडी कानशीसारखी लागली होती. पण आईचं नाव घेऊन सांगितलेलं होतं ना.

रविवारी ग्रुपमधल्या आठ बायका जेवायला बोलावल्या होत्या. वाढण्याआधी मी त्यांना आईबद्दल सांगितलं, वहीबद्दल सांगितलं, आणि काकूनं काय केलं ते तर अर्धा तास सांगितलं. मग वाढलं. एका क्षणात खोलीत असा आवाज झाला जसा कुणी बांधकामावर चालतंय. मीठ तर घशाखाली उतरेना. मोहोळची एक गरीब स्वभावाची बाई ताटाकडं बघत म्हणाली, "ताई, वाळू हाय का हो ह्यात?"

तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का गं जेवण, जयी?" काकूच होती. "कशी झालीया मोरी? कुरकुरीत?" आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला, सून तिला पाणी देत असल्याचं ऐकू आलं, तरी थांबेना. "तिरफळं ईस घालाय लावलीवतीस मला. ईस! फिट्टंफाट झाली बग आता. उद्या ये, आन वही घिऊन जा."

मी जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी अकराला तिच्या दारात होते. तिनं वही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली होती. मला चहा दिला, बिनसाखरेचा, आणि वहीकडं बोट करून नुसती बघत बसली. मी तिथंच मोरीचं पान काढलं. आईचं मोत्यासारखं अक्षर: "मोरी उकळत्या पाण्यात बुडवून वर काढावी, कातडी खरवडून पूर्ण सोलावी, नाही तर वाळू लागते. मीठ बेताचं." समासात काकूचं तिसरी शिकलेलं, वेडंवाकडं अक्षर होतं, शाई पिवळी पडलेली. "जयीनं इचारलं तर कातडी ठिव मनून सांगायचं."

त्याच्या खाली पुन्हा आईचं अक्षर. "आणि मीठ दुप्पट सांगा, अक्का."

दोन्ही ओळी एकाच पेनानं लिहिलेल्या होत्या.